तेहेतीस दिवसांची खूण

खुणेचा रंग चांगला की वाईट, हे ठरवायला चार गोष्टी पाहाव्या लागतात. डबा उलटा धरला तरी धार नीट पडते का. ओल्या डांबरावर रंग धरतो का. एका डब्यात किती मीटर पट्टी निघते. आणि दोन दिवस तसाच पडलेला डबा तिसऱ्या दिवशी पहिल्या दाबाला फवारतो, की नुसता फुसफुसतो. डब्यावर काय छापलंय ते वाचू नये. छापायला कोणी अडवत नाही.

हे काम मी, वैजयंती खराडे, एकोणीस वर्षं करत होते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली आमची प्रयोगशाळा लहान, पण आमच्या शिक्क्याला राज्यभर मान होता. महाग डबा जास्त मीटर देतो म्हणून शेवटी स्वस्त पडतो, हे ठेकेदारांना पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. लोक मला खडूस म्हणत. खडूस माणसाच्या सहीला किंमत असते, म्हणून मी तो समज कधी दूर केला नाही.

रस्ता खोदण्याआधी खाली काय पुरलंय ते वर लिहून ठेवायचं, एवढंच या रंगाचं काम. पिवळी पट्टी म्हणजे गॅस, निळी म्हणजे पाणी, तांबडी म्हणजे वीज. या पट्ट्या मारणारी परवानाधारक माणसं असतात, त्यांना खूणकार म्हणतात. माझा धाकटा भाऊ संताजी खूणकार होता. आई-आबा गेल्यावर माझं म्हणावं असं माणूस तेवढंच. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्याच्या घरचे सणवार तेच माझे, त्याची लेक कावेरी तीच माझी.

आमचे आबा नळपाणी योजनेवर मुकादम होते. त्यांच्या काळी रंग नव्हता, चुन्याची फक्की होती. फक्कीची रेघ मारली की सगळे मुकादम करायचे तसं आबाही तिच्यावर हळदीच्या पाण्याची धार धरायचे आणि वाकून म्हणायचे, "आई, कुदळ लागंल, राग मानू नगंस." हळदीचा तांब्या धरायचं काम माझं. पिवळं पाणी पांढऱ्या चुन्यावर पडलं की रेघ लाल व्हायची आणि लहानगा संताजी टाळ्या पिटायचा. रसायनशास्त्रातला माझा पहिला धडा तो.

फोटो आणि चित्रफिती पुरावा म्हणून बाद झाल्या, त्याला ही गोष्ट घडली तेव्हा सहा वर्षं झाली होती. कोणीही बसल्या जागी हवा तो फोटो हव्या त्या तारखेचा बनवू लागल्यावर न्यायालयांनी हात टेकले. मग वस्तूंनाच साक्षीला उभं करायची पद्धत आली. कागदाची शाई, दाराचं कुलूप, गाडीचं टायर, सगळ्यांना आपापली तारीख लक्षात ठेवायला शिकवलं गेलं. खुणेच्या रंगातही ते आलं. त्याचं नाव मितिरंग.

मितिरंगात दोन द्रव्यं असतात. पहिलं डोळ्याला दिसणारं, झगझगीत. उन्हातले अतिनील किरण रोज त्याचे थोडे रेणू मोडतात, इतके बेताने की तिसाव्या दिवशी पट्टी दिसेनाशी होते. मोडलेल्या रेणूंपासून दुसरं, बिनरंगी द्रव्य तयार होतं आणि डांबराच्या छिद्रांत बसून राहतं. पुढे तेही संथपणे झिजतं. पहिलं किती उरलं आणि दुसरं किती साठलं हे मोजलं की खूण कोणत्या दिवशी मारली ते कळतं. ढग आणि ऋतू यांचा फरक भरून काढणारं एक तिसरं द्रव्यही आहे, त्याच्या खोलात शिरत नाही.

तिसाव्या दिवशी खूण पुसली जाते, हा त्या रंगाचा दोष नव्हता, गुण होता. नळी हलवली जाते आणि जुनी पट्टी तिथंच राहते, यातून पूर्वी फार अपघात झाले होते. आता दर महिन्याला खूणकाराने नळी नव्याने शोधायची आणि पट्टी नव्याने मारायची. खोदाईची यंत्रं तोवर बिनचालकाची झाली होती. पिवळी पट्टी दिसली की यंत्र दोन हात अलीकडे थांबतं. नाही दिसली की खोदतं. यंत्राला शंका येत नाही.

मितिरंग मी चौदा महिने तपासला. तीन रस्त्यांवर पट्ट्या मारल्या. त्यांच्यावर चौतीस पदार्थ ओतले: डिझेल, साबणाचं पाणी, शेण, गोमूत्र, उसाचा रस, ताक, पानाची पिंक. पिंकेसाठी आमच्या पहारेकऱ्याला महिनाभर अधिकृतपणे थुंकायला लावलं. रंग कशालाही बधला नाही. मी लिहिलं, 'तारखेत एका दिवसापेक्षा जास्त फरक पडत नाही', आणि शिक्का मारला. संताजीनं पहिला डबा हातात घेतला तेव्हा शिक्क्यावर अंगठा फिरवून म्हणाला, "अक्काची सही हाय. आता कोन बोलायचं काम न्हाई."

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी विमानतळाकडच्या नव्या वसाहतीत खोदाई यंत्रानं गॅसची वाहिनी फोडली. रस्ता आडवा ओलांडणारी वाहिनी होती ती, तिच्यावर तीन हात लांबीची पिवळी पट्टी हवी होती. यंत्राला दिसली नाही. शेजारी शेवंताबाई नावाची बाई इस्त्रीची गाडी लावायची, कोळशाच्या इस्त्रीची. गॅसनं कोळसा गाठला. बाई वाचली, पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

त्या जागेचा खूणकार संताजी होता.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. पाणीही प्यायला नाही.

"अक्का, मी गेल्या बुधवारी मारलीया पट्टी. आठ दिस झालं फक्त. आज ती तिथं न्हाई. अशी कशी जाईल?"

"रस्ता खरवडून नमुना घेतील. मितिरंग तारीख सांगेल. तू मारली असशील तर काळजी कसली?"

"असशील म्हंजे?"

मी बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं. त्यानं ते लक्षात ठेवलं.

नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला. मी चौकशी समितीला नातं कळवलं. त्यांनी उत्तर दिलं की मोजमाप यंत्र करतं, नात्याचा प्रश्न येत नाही. मी नमुना तीनदा मोजला. तिन्ही वेळा आकडा एकच आला, तेहेतीस. पट्टी तेहेतीस दिवसांपूर्वी मारलेली होती. म्हणजे ऑगस्टमधली. म्हणजे संताजीनं मुदत संपल्यावर ती नव्याने मारलीच नव्हती आणि आता आठ दिवसांचं सांगत होता.

समितीच्या कागदांत शेवंताबाईचा जबाब होता. दवाखान्यातून दिलेला, पाच ओळींचा. त्यात ती म्हणत होती की आठ-नऊ दिवसांपूर्वी खूणवाल्या दादांनी माझ्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं होतं. पुढे समितीचा शेरा होता: 'गैरलागू.' मीही वाचलं आणि पान उलटलं. तहान लागली असेल, असं वाटलं.

अहवाल पाठवण्याआधी मी संताजीला फोन केला.

"तेहेतीस आलेत."

तो म्हणाला, "मी तुला सांगतोय, बुधवारी मारली. त्या दिशी कावेरीच्या लग्नाची बोलनी हुती, काम उरकून मी थेट तिकडंच गेलो. तुझा माझ्यावर विश्वास हाय का त्या डब्यावर?"

"मी मापावर विश्वास ठेवते, संताजी. तुझ्या जागी दुसरा असता तरी हेच लिहिलं असतं."

"व्हय. पन दुसरा न्हवतो ना मी."

अहवाल गेला. संताजीचा परवाना रद्द झाला आणि हलगर्जीपणाचा खटला भरला गेला. तो एका टायरच्या दुकानात कामाला लागला. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलं, वय आलं, आणि 'कामचुकार खूणकारांचा सुळसुळाट' असा मथळा आला. त्या वर्षात राज्यभरात असे एकसष्ट खूणकार पकडले गेले होते. सगळे सांगत होते की खूण ताजी होती. सगळ्यांच्या रंगानं ते खोटं ठरवलं होतं. माझ्यासकट कोणालाही याचं नवल वाटलं नाही. हातानं काम करणारा माणूस टंगळमंगळ करतो, हे आपल्याला इतकं सहज पटतं की त्याला पुरावा मिळाला की आपण निवांत होतो.

भाऊबीजेला संताजी आला नाही. मी पाट मांडला होता, करंज्याही तळल्या होत्या. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मी ओवाळलं नाही, कारण मला भाऊ होता. ताटातलं निरांजन विझेपर्यंत बसून राहिले. मी बरोबर वागले होते आणि मला रडू येत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये कावेरीचं, माझ्या भाचीचं, लग्न निघालं. तिनं स्वतः फोन केला. "आत्या, तू आली न्हाईस तर मी हळद लावून घ्यायची न्हाई. मग बस म्हनावं नवऱ्याला वाट बघत."

गेले. संताजी माझ्याशी बोलला नाही, पण ताट वाढून पुढे ठेवलं. दारापुढच्या गल्लीत मांडव होता. खांब सरळ रेषेत यावेत म्हणून त्यानं घरात उरलेल्या मितिरंगाच्या डब्यानं मांडवाच्या उन्हाकडच्या कडेनं गल्लीभर पिवळी रेघ मारली होती. सवय जात नाही. रेघ चांगली ताठ होती, हे मी सवयीनं पाहिलं.

हळदीच्या दिवशी बायकांनी कावेरीला अंगणात बसवून न्हाऊ घातलं. हळदीचं पाणी दारातून गल्लीत गेलं आणि रेघ ओलांडून गटाराला मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी पूजा होती, म्हणून मी थांबले होते. त्या सकाळी मांडव सोडला गेला आणि गल्ली मोकळी झाली. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसले होते.

रेघ गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झगझगीत होती. मध्ये हातभर जागा सोडून. तिथं नुसतं डांबर होतं.

मी कप खाली ठेवला. त्या जागेशी जाऊन उकिडवी बसले. हळदीचा मागमूस नव्हता. असणारच नव्हता. साडीवरचा हळदीचा डाग ओला करून उन्हात टाकला की जातो, हे आमच्याकडे कोणत्याही बाईला ठाऊक असतं. डाग कुठे जातो, हे कोणी विचारत नाही.

संताजी दोर गुंडाळत होता. मी तिथूनच विचारलं, "संताजी, त्या गॅसच्या पट्टीवर तू हळद घातली होतीस?"

"आँ?"

"धार धरली होतीस का? आबांसारखी?"

"धरनारच की. कधी न्हाई धरली? पानी नव्हतं म्हनून त्या इस्त्रीवाल्या मावशीकडनं तांब्या घेतला. हळदीची पुडी माझ्या पिशवीत असतीच."

"मग जबाबात का नाही सांगितलंस?"

"इचारलं कुनी?" तो दोर टाकून उभा राहिला. "काम सुरू करताना श्वास घेतला, हे बी लिहून द्यायचं असतं का?"

तांब्या धरणारी मीच होते. चौतीस पदार्थांच्या यादीत मी पानाची पिंक घातली आणि हळद घातली नाही. हळद मला पूजेतली वाटली, पदार्थ वाटली नाही. तपासणीच्या तीन रस्त्यांवर आम्ही नुसत्या पट्ट्या मारल्या होत्या. खोदायचं नव्हतं, म्हणून पूजाही नव्हती.

प्रयोगशाळेत परतल्यावर मी गच्चीवर डांबराच्या फरशा मांडल्या, पट्ट्या मारल्या, निम्म्यांवर हळदीच्या पाण्याची धार धरली. हळदीतला पिवळा घटक उजेड शोषून घेतो आणि ती शक्ती शेजारच्या ऑक्सिजनला देतो. असा चेकाळलेला ऑक्सिजन भेटेल त्या रेणूला मोडत सुटतो. मितिरंगाला मोडतो आणि शेवटी हळदीलाही. ऊन जे काम चार आठवड्यांत करतं ते हळद दोन-तीन दिवसांत उरकते आणि स्वतःही नाहीशी होते. मागे राहतं ते फक्त दुसरं द्रव्य, खूप दिवस झाल्याची साक्ष देत.

आठव्या दिवशी मी फरशी खरवडून मोजली. आकडा आला तेहेतीस.

मी तशीच टायरच्या दुकानात गेले. संताजी चाकाचे नट आवळत होता. मी कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. त्यानं हात पुसले, कागद वाचला, घडी करून परत दिला.

"मापानं सांगितलं म्हनून आलीस, अक्का," तो म्हणाला. "मी सांगितलं तवा न्हाई आलीस."

"हो," मी म्हणाले. तो आवाज चढवून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो पुन्हा नट आवळायला बसला.

आमचे संचालक किणीकर साहेब हुशार गृहस्थ. त्यांनी माझा नवा अहवाल वाचून चष्मा काढला.

"खराडे मॅडम, तुमच्या भावाचं काम होईल असं करू. त्या एका नमुन्याचा फेरअहवाल द्या. आणि कंपनीला सांगू, डब्यावर एक ओळ छापा, 'खुणेवर हळद टाकू नये.' झालं. मूळ प्रमाणपत्राला हात लावायची गरज नाही."

"आणि बाकीचे साठ?"

"त्यांनी हळद टाकली होती हे कशावरून? हळद तर उरलेलीच नाही. सिद्ध कसं करणार?"

"सिद्ध नाही करता येणार. पण त्यांनी कामचुकारपणा केला हेही आता सिद्ध होत नाही."

"प्रमाणपत्र मागे घेतलंत तर एकोणीस वर्षांच्या तुमच्या प्रत्येक सहीवर बोट ठेवलं जाईल. शिक्का जाईल तुमचा. विचार करा."

मी विचार केला. खरं सांगायचं तर मोह झाला. संताजी सुटत होता, शिक्का राहत होता. मला हवं ते सगळं त्या एका ओळीत बसत होतं. पण त्या साठ जणांची बहीण तपासनीस नव्हती. त्यांच्या लेकीच्या लग्नात कोणी पायरीवर बसून रेघेकडे पाहणार नव्हतं. मी प्रमाणपत्र मागे घेतलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'तपासणी अपुरी. चूक तपासनीसाची.'

पुढचं किणीकर म्हणाले तसंच झालं. शिक्का गेला. कंपनीच्या वकिलांनी मला दोन महिने फैलावर घेतलं. न्यायालयानं मात्र मितिरंगाची साक्ष थांबवली आणि एकसष्ट प्रकरणं पुन्हा उघडली. संताजीचा परवाना जुलैत परत आला. शेवंताबाईचे हात परत आले नाहीत. संताजी दर आठवड्याला तिच्याकडे जातो, हे मला कावेरीनं सांगितलं. एकदा मीही गेले. बाई म्हणाली, "मी सांगितलं हुतं पान्याचं. त्यांनी लिवून बी घेतलं." मी मान खाली घालून ऐकलं.

न्यायालयाला त्या साठ जणांचे नवे जबाब हवे होते. कोणी घ्यायचे यावर कार्यालयांची टोलवाटोलवी चालली होती. मी रिकामीच होते. म्हटलं, मी घेते. फोन लावला, कधी गावी जाऊन भेटले. प्रत्येकाला एकच विचारलं, त्या दिवशी काय केलंत ते सुरुवातीपासून सांगा. चव्वेचाळीस जणांच्या बोलण्यात हळद आली, मी विचारण्याआधी. अकरा जणांना आठवत नव्हतं, आणि त्यांनी तसंच सांगितलं. पाच जण म्हणाले की त्यांनी खूण खरंच मारली नव्हती. त्यांतला वाळव्याचा एक म्हातारा फोनवर रडला. म्हणाला, "ताई, ह्याआधी कुनी असं बसून इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं." मी ऐकलं तसं लिहून घेतलं आणि खाली सही केली. शिक्का नव्हता, नुसती सही.

भाऊबीजेला मी पाट मांडला. येईल की नाही ठाऊक नव्हतं. अकराच्या सुमारास फाटक वाजलं. संताजी चपला काढून आत आला आणि पाटावर बसला. मी ओवाळलं. त्यानं करंजी उचलली, अर्धी खाल्ली.

"त्या लोकांचं जबाब तूच घेतलंस म्हनं."

"हो."

"चव्वेचाळीस जनांनी हळद सांगितली."

"हो."

त्यानं उरलेली अर्धी करंजी ताटात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिलं.

"हळदीची बातमी सगळ्या पेपरात हुती, अक्का. त्यातलं खोटं कितीजन बोलले असतील?"

"मी तपासलं नाही," मी म्हणाले.

संताजीनं करंजी पुन्हा उचलली.